अळणी मिठाची गाडी

पौडात मी ज्यांच्या घरी भाड्याने राहत होतो, ते गृहस्थ बाजारात कधी खोटं बोलत नसत. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्या काळातल्या पौडच्या कुणाही माणसाला विचारलंत तर तो नेमकं उलटं सांगेल.

मी तिथल्या शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि खोली शोधत होतो. गाव त्यांना आबा म्हणे. वय पन्नाशीपलीकडचं, अंगाने काटकुळे, मिशा मात्र दुसऱ्याच कुणा धिप्पाड माणसासाठी वाढवल्यासारख्या. भाताची थोडी खाचरं, एक बैलजोडी आणि रस्त्याला तोंड करून असलेलं कौलारू घर एवढा त्यांचा संसार. मुली लग्न होऊन नांदे गावाकडे गेलेल्या. घरात आबा आणि काकू दोघंच. खोली दाखवताना आबांनी भाड्याबद्दल फार घासाघीस केली नाही. अट एकच घातली. बाजाराच्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पुस्तक उघडून बसायचं.

मी विचारलं, कुठलं पुस्तक? तर म्हणाले, "कुटलं का असंना. जाड पायजे."

माझ्याजवळ सगळ्यांत जाड असा एक शब्दकोश होता. तो मांडीवर घेऊन मी दर आठवड्याला ओट्यावर बसू लागलो. शेजारीच आबांच्या आंबेमोहराचं पोतं तोंड उघडून ठेवलेलं असे. येणारी-जाणारी माणसं आधी माझ्याकडे बघत, मग पोत्याकडे बघत आणि थांबत. ज्या घरात शिकलेला माणूस राहतो त्या घरचा तांदूळ निवडलेला असणार, असं त्यांच्या मनात येत असावं. तांदूळ काकूच निवडत, माझा त्याच्याशी खाण्यापुरताच संबंध. एकदा पडशाने मी आत झोपून राहिलो, तर पोतं दुपारपर्यंत तसंच पडून राहिलं. त्या दिवशी आबांनी स्वतः आलं ठेचून मला जो काढा पाजला, त्यात मायेपेक्षा घाईच जास्त होती.

आबांचं म्हणणं असं की वस्तूची किंमत वस्तूत नसतेच, ती बघणाऱ्याच्या टाळक्यात असते. "देवाला भाव लागतो आन् कांद्यालाबी भावच लागतो," ते म्हणत. "आपल्या म्हाताऱ्यांनी दोनीला येकच शब्द काय उगं ठिवला?" हे ते इतक्या वेळा म्हणत, की काकू वाक्य अर्ध्यात असतानाच भांडी आपटायला सुरुवात करत.

बाजाराला जाताना ते एक काळा लोकरी कोट घालत. बँडवाल्याकडून घेतलेला. त्याची पितळी बटणं काढून काकूंनी साधी लावली होती. वैशाखाच्या उन्हातही तो कोट अंगावर असे आणि आतून घामाच्या धारा चालू असत. या कोटात ते कांद्याच्या ढिगापाशी जात, एक कांदा उचलत, वास घेत, बारीकसा उसासा सोडत आणि कांदा होता तिथे हलकेच ठेवून पुढे जात. तोंडातून अक्षर नाही. पण मागून आलेली गिऱ्हाइकं तो ढीग सोडून दुसरीकडे वळत आणि थोड्या वेळाने तोच कांदा स्वस्तात मिळे. विकणारे इतके धास्तावले होते, की आबा दिसले की दोन कांदे आपणहून त्यांच्या पिशवीत टाकत आणि हात जोडून पुढे व्हायला सांगत.

एकदा सहज गंमत म्हणून ते तालुक्याच्या बंद गोदामासमोर पिशवी घेऊन उभे राहिले. गोदामात काही नव्हतं, काही येणारही नव्हतं. थोड्या वेळात त्यांच्यामागे एक माणूस येऊन उभा राहिला, मग त्याच्यामागे एक बाई, आणि बघता बघता रांग पिंपळाच्या पारापर्यंत गेली. आबा लघवीला जाऊन येतो म्हणून निघाले ते सरळ घरी आले आणि ओट्यावर बसून रांगेकडे बघत राहिले. रांग दुपार कलली तरी हलेना. कचेरीतला कारकून चौकशीला आला, त्याने पुढच्या माणसाला काय मिळणार आहे असं विचारलं, आणि कुणालाच सांगता येईना तेव्हा कचेरीत परत जाऊन त्याने आपल्या शिपायाला पिशवी देऊन रांगेत पाठवलं.

पण आबांचं हे शास्त्र त्यांच्याच अंगावर उलटायचंही. त्यांच्याकडे एक म्हैस होती. दूध बेताचं, लाथा भरपूर. ती विकायची होती, पण आबांनी ती विकायची नाही असं जाहीर केलं. तिच्या गळ्यात काळा दोरा बांधला आणि कुणी परका दारात आला की घाईघाईने तिच्यावर धडपा टाकून तिला झाकू लागले. महिन्याभरात घोटवड्याचा एक शेतकरी हातापाया पडून ती म्हैस घेऊन गेला. मग आबांना चैन पडेना. एवढा मागे लागून नेली म्हणजे म्हशीत काहीतरी असणार, आपल्यालाच कळलं नाही, असं त्यांना वाटू लागलं. घोटवड्याला गेले, तर तिथेही म्हशीवर धडपा. ते बघून आबांचा धीर सुटला आणि ते म्हैस परत घेऊन आले, अर्थात जास्त पैसे मोजून. तिने दारात येताच पहिली लाथ आबांना मारली. काकू एवढंच म्हणाल्या, की आता पुन्हा घेणार असाल तर निदान दुसरी घ्या.

आता मिठाचं सांगतो.

त्या काळी मिठाला कुणी विचारत नसे. पेठेतल्या किराणा दुकानदाराच्या, म्हणजे शेटच्या, फळीबाहेर खड्यांच्या मिठाचं पोतं रात्रंदिवस उघड्यावर असे. दुकान बंद झालं तरी ते बाहेरच, कारण मीठ चोरून नेईल असा माणूस पंचक्रोशीत नव्हता. ज्येष्ठ तोंडावर आला होता. एके दिवशी एक मोकाट वासरू त्या पोत्याला सारखं चाटायला येऊ लागलं, म्हणून वैतागून शेटने पोतं उचलून आत ठेवलं. झालं एवढंच. पाण्याला निघालेल्या एका बाईने बघितलं की पोतं जागेवर नाही. तिने शेजारणीला सांगितलं. शेजारणीने नवऱ्याला सांगितलं. दिवे लागायच्या सुमाराला शेटच्या दारात गर्दी, आणि जो तो पायलीने मीठ मागतोय. दुसऱ्या दिवशी पोतं खरोखरच संपलं. तिसऱ्या दिवशी भूगाव-भुकूमपर्यंत बोलवा, की मिठागरं बुडाली, आता दोन वर्षं मीठ नाही.

आबांना आधी आनंदाच्या उकळ्या फुटल्या. वासराची हकीकत त्यांना ठाऊक होती, त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. एका वासराच्या जिभेनं तालुक्याचा बाजार हलवला, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत आणि मांडीवर थाप मारत. ज्यांच्या घरात मिठाचे रांजण भरले होते तेच मीठ नाही म्हणून बोंबलत होते. शेटनेही कुठूनसं थोडं मीठ आणलं, पण आता ते आत, पडद्यामागे, चिमटीचिमटीने आणि चढ्या भावाने.

बाजाराच्या दिवशी आबांचा आनंद ओसरला. मुळशीच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथली माणसं पावसाआधी चार महिन्यांची बेगमी करायला खाली उतरत. एकदा ओढे भरले की दिवाळीपर्यंत वाट बंद. तेल नसलं, गूळ नसला तरी त्यांचं चालतं. नाचणीच्या भाकरीशी मीठ-मिरची मात्र लागतेच. अशीच एक म्हातारी डोक्यावर लाकडाची मोळी आणि काखेत कोंबडी घेऊन आली. आबांची आणि तिची जुनी ओळख, दर बाजाराला ती आमच्या ओट्यावर टेकून पाणी पिऊन जाई. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मोळी गेली होती, कोंबडीही गेली होती आणि पदराच्या टोकाला ओंजळभर मीठ बांधलेलं होतं. तिने गाठ सोडून आबांना दाखवलं. तक्रार केली नाही. नुसतं विचारलं, की घरात खाणारी सहा तोंडं आहेत, एवढं कसं पुरवू ते सांग.

काकूंनी आपल्या बरणीतलं थोडं मीठ तिच्या पदरात टाकलं. ती गेल्यावर आबा कोट न काढताच ओट्यावर टेकले. मग म्हणाले, "मास्तर, मीठ हाय. सगळ्यांच्या घरात हाय. ते भाईर कसं काढायचं त्येवढंच बगायचं."

शाळेला सुट्टी होती, त्यामुळे मी आयताच त्यांच्या तावडीत सापडलो. दोन दिवसांनी भल्या सकाळी आम्ही गाडी जुंपून मुळा नदीच्या काठी गेलो आणि रिकाम्या पोत्यांमध्ये वाळू भरली. मी सुचवलं होतं की भाताचा तूस भरू, हलका पडेल. आबा म्हणाले, तूस भरला तर बैल पळत सुटतील आणि पळणाऱ्या गाडीत मीठ आहे असं आंधळाही म्हणणार नाही. वाळू भरून माझ्या पाठीचे तीनतेरा वाजले. मग लांबचा वळसा घालून आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो आणि तिकडून, जणू पुण्याहूनच येतोय अशा थाटात, पौडात शिरलो. आबा कोट घालून पुढे. मी मागे पोत्यांवर, मांडीवर शब्दकोश घेऊन. तो आबांनी आठवणीने आणायला लावला होता.

पारावर माणसं होती. एकाने विचारलं, "आबा, काय आनलं?"

आबा म्हणाले, "काय न्हाई. वाळू हाय."

मी मागे बसून घामाघूम झालो. पण पारावर कुणी हसलं नाही. माणसं एकमेकांकडे बघू लागली. एकजण डोळे मिचकावून म्हणाला, की वाळू आणायला कुणी कोट घालून जातं का. सगळं जुळत आलं होतं. तेवढ्यात पारावर बसलेला एक म्हातारा मेंढपाळ काठीवर हनुवटी टेकून म्हणाला, की हे मीठ नव्हे. मिठाची गाडी असती तर जनावरं मागं लागली नसती का? बघा, एक शेरडूसुद्धा मान वळवत नाही.

आणि खरंच वळवत नव्हतं. वाटेवर दोन गाई बसल्या होत्या, त्या तशाच रवंथ करत राहिल्या. ते वासरूदेखील शेटच्या दारात उभं होतं, त्याने आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. माणसं पुन्हा मागे रेलून बसली.

आबांनी गाडी थांबवली नाही. सरळ घरामागे नेली, आत गेले आणि काकूंची मिठाची बरणी घेऊन बाहेर आले. काकू मागोमाग. त्या विचारत होत्या की काय चाललंय, आणि आबा उत्तर न देता सगळंच्या सगळं मीठ बादलीतल्या पाण्यात ओतत होते. ते खारट पाणी आम्ही सगळ्या पोत्यांवर शिंपडलं, चोळलं, बादली निथळून घेतली. काकू हातात रिकामी बरणी घेऊन बघत राहिल्या. मग त्यांनी ती बरणी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, की मास्तर, तुम्ही शिकलेले, म्हणून मला वाटलं होतं तुम्ही आवराल.

दुपारी पोती वाळली आणि आम्ही पुन्हा तोच लांबचा वळसा घालून गावात शिरलो, जणू ही दुसरी खेप.

या खेपेला वेशीपाशीच एक गाय उठली. तिने मागचं पोतं चाटलं आणि ती पोत्याला जी चिकटली ती सुटेना. मग दुसरी आली. मग शेरडं आली, एक गाढव आलं, आणि शेटच्या दारातलं ते वासरू शेपूट वर करून धावत आलं. आमची म्हैस दावं तोडून रस्त्यात आली आणि तिने शेरडांना लाथा घालून आपली जागा केली. पाराजवळ पोचेपर्यंत गाडीमागे अशी वरात लागली होती, की नवरदेवाच्या जागी मीच पोत्यांवर बसलोय असं वाटत होतं. एका गाईने माझं धोतर चाटायला घेतलं. पोती उचलताना खारट पाणी त्याच्यावरही उडालं होतं. मी शब्दकोश आडवा धरला, तर तिने तोही चाटला.

"आबा, आता तरी खरं सांगा," पारावरून कुणीतरी म्हणालं.

"सांगितलं की. वाळू हाय वाळू."

म्हातारा मेंढपाळ उठून उभा राहिला. त्याने काठीने पोतं ढोसलं, पोत्यावरून बोट फिरवून ते जिभेला लावलं आणि तो पुन्हा जाऊन बसला. तेवढंच पुरलं.

पुढच्या बाजाराच्या दिवशी शेटचं पोतं फळीबाहेर होतं. ज्यांनी रांजण भरून ठेवले होते त्यांना धास्ती पडली, की आबांचं मीठ बाजारात आलं तर आपलं महागाचं मीठ मातीमोल होईल. जो तो आपलं मीठ काढून विकायला आला. दुपारपर्यंत मीठ पहिल्यापेक्षाही स्वस्त झालं. वाड्यांवरची माणसं गाठोडी भरभरून घेऊन गेली. ती म्हातारी ओट्यावर पाणी प्यायला टेकली तेव्हा तिच्या डोक्यावर एवढं मीठ होतं, की खाली ठेवताना मला हात लावावा लागला. या वेळी आणलेली कोंबडीही काखेत शाबूत होती.

पौडात त्या दिवशी एकाच घरात मिठाचा खडा नव्हता. आमच्या.

आबा पिशवी घेऊन शेटकडे गेले, तर शेट हसत सुटला. गाडीभर मीठ घरात ठेवून आबा आपल्याकडे भाव बघायला आलेत, असं त्याला वाटलं. तो हात जोडून म्हणाला, की आणखी पाडू नका. दुसरीकडे गेले, तिथेही तेच. काकू शेजारणीकडे वाटीभर मागायला गेल्या, तर शेजारीण दारातच रागावून बोलली. आदल्याच दिवशी ती आमच्याकडे मीठ मागायला आली होती आणि आबांनी तिला वाळू आहे म्हणून परत पाठवलं होतं. असा कद्रू माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता म्हणे.

आम्ही अळणी आमटी खाल्ली, अळणी पिठलं खाल्लं. आबा पहिल्या दिवशी म्हणाले, की मीठ ही सवय आहे, खारट आहे असं मनात आणलं की झालं. मी मनात आणून बघितलं. काकूंनी त्यांच्यापुढे दुसरी भाकरी ठेवली नाही.

शेवटी काकूच उठल्या. डोक्यावरून पदर घेऊन शेटच्या दुकानात गेल्या आणि चारचौघांत, खालच्या आवाजात म्हणाल्या, "काय सांगू शेट, ह्यांनी आनलेल्या पोत्यांत खारटपनाच न्हाई. आमटीत घातलं तर दाताखाली कचकच लागती निस्ती."

त्यांनी खरोखरच चिमूटभर घालून पाहिलं होतं की काय, हे मी कधी विचारलं नाही. शेटला जो आनंद झाला त्याला तोड नव्हती. त्याने काकूंना शिगोशीग मीठ दिलं, वर मूठभर जास्त घातलं आणि संध्याकाळपर्यंत गावभर केलं, की बाजाराचं नाक समजला जाणारा माणूस पुण्यात फसला आणि गाडीभर अळणी मीठ घेऊन आला.

मग आबांची पत गेली ती गेलीच. बाजारात त्यांनी कांदा उचलून उसासा टाकला की विकणारे म्हणत, आबा, कांदाबी अळणी लागला का? आणि गिऱ्हाइकं हसत हसत तोच कांदा घेऊन जात. आबांच्या पिशवीत आपणहून पडणारे दोन कांदे बंद झाले. पोरंटोरं त्यांना मागून अळणी आबा म्हणू लागली. मी चिडलो. मी म्हणालो, मी साक्षीदार आहे, मी पारावर जाऊन सगळं सांगतो.

आबा कोटाचं बटण लावत होते. म्हणाले, "आत्ता न्हाई. आत्ता सांगितलं तर शेटचं पोतं पुन्यांदा आत जाईल. वरच्या वाड्यांची मानसं अजून उतरत्यात. पाऊस उघडू द्या."

पाऊस उघडला. दिवाळीच्या आधी एक दिवस आबा स्वतः पारावर गेले आणि त्यांनी सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली. वासरू, वाळू, बादली, सगळं. मी शेजारी उभा राहून मान डोलावली. माणसांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यातला एक पोक्त माणूस आबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, की फसतो माणूस कधीकधी, त्यासाठी एवढं रचून सांगायला नको. मेंढपाळाने तर शपथेवर सांगितलं, की मी जिभेला लावून बघितलंय, मीठच होतं, फक्त कसाला हलकं.

आबा घरी येईपर्यंत गंभीर होते. घरात आल्यावर त्यांना हसू फुटलं आणि ते इतका वेळ हसले, की काकूंनी त्यांना पाणी आणून दिलं.

दोन-तीन वर्षांनी माझी बदली झाली. आबा मला पुण्यापर्यंत सोडायला आले. एसटीत आमच्या समोर एक लांबच्या गावचा माणूस होता. बोलता बोलता त्याने आपल्या शेजाऱ्याला पौडच्या एका येड्याची गोष्ट सांगायला घेतली, ज्याने पुण्याहून गाड्याच्या गाड्या भरून मीठ आणलं आणि चव बघायची विसरला. आता गोष्टीत गाड्या सात झाल्या होत्या आणि शब्दकोश घेऊन बसलेला मास्तर सरकारी साहेब झाला होता. मी तोंड उघडलं. आबांनी माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

ते पुढे वाकले आणि त्या माणसाला म्हणाले, "म्या बगितलाय त्येला. मिशा बी हायेत त्येला अशाच. लई येडा मानूस."

तो माणूस खूश झाला. मग दोघांनी मिळून ती गोष्ट पुण्यापर्यंत पुरवली.